आंबट कळतं कशानं? जिवाणूच्या पटलातल्या प्रथिनांविषयी

शिरपूरहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मॅडम, एच. पायलोरी जठरातल्या आम्लात राहतो, दह्यातले जिवाणू आंबट दह्यात राहतात. त्यांना जीभ नाही, मज्जातंतू नाहीत. मग बाहेर आम्ल वाढलंय हे त्यांना कळतं कसं? आणि आयनांची ने-आण करणारी प्रथिनं पुस्तकात एका धड्यात आणि संवेदक प्रथिनं दुसऱ्या धड्यात, असं का?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय. धडे वेगळे आहेत ते लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी. साक्रीकडे पांझरेवरची फड बागायत पाहिली असशील तर तिथे पाटकरी पाणी सोडतो आणि जागल्या राखण करतो, माणसं दोन, कामं दोन. जिवाणूच्या पटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, पुष्कळदा ही दोन्ही कामं एकच प्रथिन करतं, आणि तेही त्याच जागी, त्याच एका-दोन अमिनो आम्लांच्या जोरावर. आम्ल जो सोडतं तो प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित आयन, येऊन बसला की प्रथिनाचा आकार बदलतो. त्या बदलालाच आपण एकदा 'आम्ल ओळखलं' म्हणतो आणि एकदा 'दार उघडलं' म्हणतो.

आता जरा हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय या विषयाची गंमत कळत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एका पेशीचं आकारमान ढोबळमानाने एक घन मायक्रोमीटर. आतला पीएच, म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात ज्याला सामू म्हणतात तो (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ७.६. आता अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा घेऊन गुणाकार कर. पेशीत मोकळे प्रोटॉन भरतात सुमारे १५. पंधरा हजार नव्हे, पंधरा! त्याच पेशीत पोटॅशियमचे आयन १२ कोटींच्या आसपास असतात. दह्याचा पीएच ४.५ धरला तर तेवढ्याच आकारमानाच्या दह्यात प्रोटॉन १९ हजार निघतात, आणि पीएच २ असलेल्या जठररसात ६० लाख.

वर्गात हा आकडा सांगितला की कोणीतरी विचारतंच, "मग पंधराच बाहेर काढायचे तर पंपाला काम ते काय?" प्रश्न बरोबर आहे. पण पेशीतली प्रथिनं, फॉस्फेट, न्यूक्लिक आम्लं प्रोटॉन धरून ठेवतात. आतला पीएच एका अंकाने खाली यायचा तर मधल्या मध्ये कोट्यवधी प्रोटॉन या रेणूंनी गिळलेले असतात. म्हणजे मोकळे १५ ही शिल्लक नव्हे, तो नुसता काटा आहे. खरा साठा प्रथिनांवर बसलेला असतो. म्हणून जिवाणू प्रोटॉन मोजत नाही. त्याच्या प्रथिनावरची एखादी जागा भरलेली आहे की रिकामी, एवढंच ठरतं.

ही जागा बहुधा हिस्टिडीन, ग्लुटामेट किंवा अ‍ॅस्पार्टेटची असते. हिस्टिडीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या जागांवर प्रोटॉन असतो तो आकडा, ६ च्या जवळपास. म्हणजे पीएच ७ ला ११ पैकी एका हिस्टिडीनवर प्रोटॉन असतो, पीएच ५ ला ११ पैकी दहांवर. दोन अंकांच्या फरकात जवळजवळ पूर्ण उलटापालट! ग्लुटामेट आणि अ‍ॅस्पार्टेट पाण्यात असताना ४ च्या आसपास उलटतात, पण पटलाच्या तेलकट गाभ्यात किंवा दुसऱ्या ऋणभाराच्या शेजारी सापडले की त्यांचा पीकेए वर सरकून ६-७ पर्यंतही जातो. प्रथिनाने आपला 'आंबटपणाचा उंबरा' कुठे ठेवायचा हे या शेजारावरून ठरतं. परीक्षेत 'हिस्टिडीन म्हणजे पीएच संवेदक' एवढंच लिहून पुढे जाऊ नकोस. शेजार कोण आहे तेही लिही.

चॅनेलचं, म्हणजे आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनाचं, सगळ्यात ओळखीचं उदाहरण केसीएसए. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या मातीतल्या जिवाणूचा हा पोटॅशियम चॅनेल. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ साली त्याची रचना क्ष-किरणांनी दाखवली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. चार सारखे घटक, मधोमध भोक. बाहेरच्या टोकाला एक अरुंद गाळणी, तिथे प्रथिनाच्या कण्यातले ऑक्सिजन अणू अशा अंतरावर उभे आहेत की पोटॅशियमला पाण्याचं वेष्टण सोडताना काही गमावल्यासारखं होत नाही. सोडियम आकाराने लहान, पण त्याला ते ऑक्सिजन नीट पोचत नाहीत, म्हणून वेष्टण सोडणं त्याला महागात पडतं. हजारो पोटॅशियममागे एखादा सोडियम आत सुटतो, आणि तरी सेकंदाला कोटींच्या हिशेबात आयन पलीकडे जातात. निवड इतकी कडक आणि वेग इतका प्रचंड, हे दोन्ही एकाच भोकात कसं बसतं हे कोडं त्या रचनेने सोडवलं.

आता पीएचकडे. केसीएसएचं दार आतल्या बाजूला आहे. तिथे चारही घटकांची हेलिक्सं एकमेकांवर येऊन वाट बंद करतात. त्या जागेजवळ हिस्टिडीन २५ आणि ग्लुटामेट ११८ असे अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली अमिनो आम्लं, आहेत. पीएच ७ ला त्यांच्यातल्या ओढीने दार मिटलेलं राहतं. आतल्या बाजूचा पीएच साधारण ५.५ च्या खाली आणला की प्रोटॉन बसतात, धनभार एकमेकांना ढकलतात आणि दार उघडतं. पुस्तकं इथेच थांबतात आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात 'केसीएसए म्हणजे आम्ल ओळखणारं प्रथिन' असं पक्कं बसतं. मला ते पटत नाही. निरोगी पेशीच्या आतला पीएच ५.५ पर्यंत घसरतच नाही. प्रयोगशाळेत दार उघडायला पीएच ही सोयीची किल्ली आहे एवढंच. आकार कसा बदलतो ते शिकायला केसीएसए उत्तम, जिवाणूचं आंबटपणाचं ज्ञान शिकायला मात्र नाही.

त्यासाठी एच. पायलोरी घे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला आणि २००५ चं वैद्यकाचं नोबेल मिळवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच्या आतल्या पटलातलं यूआरईआय हे प्रथिन फार थोड्यांना माहीत असतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं ते सर्वांत देखणं उदाहरण आहे.

या जिवाणूकडे युरिएज हे विकर भरमसाट असतं. पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी दहा टक्क्यांपर्यंत ते भरतं. जठरात थोडा युरिया असतोच. युरिएज त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं, अमोनिया प्रोटॉन उचलतो आणि आम्लाचा मारा बोथट होतो. इथपर्यंत सोपं आहे. पण विचार कर, जेवणानंतर जठरातलं आम्ल काही काळ सौम्य होतं. तेव्हाही युरिया असाच आत येत राहिला तर? अमोनिया साचेल, पीएच वर चढेल आणि जिवाणू स्वतःच्याच अल्कलीने मरेल. हे नुसतं कागदावरचं नाही. आम्ल नसलेल्या माध्यमात युरिया दिला तर एच. पायलोरी खरोखर मरतो.

म्हणून युरियाच्या वाटेवर दार हवं, आणि ते दार आंबटपणावर चालायला हवं. यूआरईआय हे तेच दार. सहा घटकांचं कडं, प्रत्येक घटकात युरियाची स्वतंत्र वाट. पीएच ७ ला बंद, ६ च्या आसपास अर्धं उघडं, ५ ला सताड उघडं. त्याचे हिस्टिडीन पेरिप्लाझमच्या, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या फटीच्या बाजूला आहेत. म्हणजे बाहेरचा आंबटपणा तेच प्रथिन चाखतं आणि तेच युरियाला वाट देतं. मध्ये निरोप नाही, निरोप्या नाही. ते दार उघडलं की आत तयार झालेला अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड परत त्या फटीत येतात आणि तिथला पीएच ६.१ च्या जवळ धरून ठेवतात. यूआरईआय काढून टाकलेला जिवाणू युरिएज भरपूर असूनही तीव्र आम्लात टिकत नाही. शस्त्र घरात आणि दाराला कुलूप, अशी त्याची गत होते.

शिवाय या जिवाणूकडे एआरएसएस नावाचा पटलातला संवेदक वेगळा आहे. तो आम्ल वाढलं की एआरएसआर या जोडीदाराला फॉस्फेट देतो आणि युरिएजची जनुकं जास्त चालू होतात. हा मार्ग मिनिटांचा, यूआरईआयचा मार्ग क्षणाचा. दोन्ही लागतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. डॉक्टर ओमेप्राझोल देतात आणि त्याला 'प्रोटॉन पंप' थांबवणारं औषध म्हणतात. तो पंप माणसाच्या जठरातल्या पेशींचा आहे, जिवाणूचा नव्हे. जिवाणूच्या प्रोटॉनच्या यंत्रावर थेट घाव घालणारं औषध हवं असेल तर क्षयरोगावरचं बेडाक्विलीन बघ. ते क्षयजंतूच्या एटीपी सिंथेजच्या, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला एटीपी बनवणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या कड्याला चिकटतं.

एटीपी सिंथेजचं नाव निघालं म्हणून दह्याकडे वळते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो, रात्री विरजण लावलेलं दही सकाळी घट्ट आणि दुपारी दात आंबवणारं होतं. बिबड्यांसाठी ज्वारी आंबवताना जो वास सुटतो तोही याच लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंच्या कुळाचा उद्योग. यांची युक्ती ई. कोलायपेक्षा अगदी वेगळी आहे, आणि दोघांना एकाच सूत्रात बांधणारी उत्तरं मी तपासताना लाल शाईने खोडते.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं की श्वसनसाखळी, म्हणजे श्वसनातून ऊर्जा काढणारी पटलातली प्रथिनं, प्रोटॉन बाहेर टाकते आणि ते परत आत येताना एटीपी तयार होतो. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ई. कोलायमध्ये हवा मिळत असताना बहुतेक असंच चालतं. दह्यातल्या जिवाणूंकडे अशी साखळी कामाची नसते. ते साखर आंबवून एटीपी मिळवतात आणि तोच एटीपी खर्चून एटीपी सिंथेज उलटं फिरवतात, प्रोटॉन बाहेर फेकायला. बाहेर आम्ल वाढलं की या पंपाचं प्रमाण आणि काम दोन्ही वाढतात. दातांवरचा स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स असाच टिकतो, आणि म्हणूनच दाताचं कवच झिजवणाऱ्या ५.५ च्या खालच्या पीएचलाही तो आम्ल ओतत राहतो.

पण लॅक्टोबॅसिलसचं खरं शहाणपण पंपात नाही. लॅक्टिक आम्लाचा पीकेए ३.८६. दही ४.५ ला असताना त्यातला जवळपास पाचातला एक रेणू प्रोटॉन न सोडता तसाच असतो, त्याच्यावर भार नसतो, म्हणून तो पटलातून सरळ आत घुसतो. आत पीएच जास्त असेल तर तिथे तो प्रोटॉन सोडतो, आणि ऋणभारित लॅक्टेट आत अडकून पडतं. आतला पीएच जितका वर धरून ठेवशील तितकं लॅक्टेट जास्त साचेल. ई. कोलाय हट्टाने ७.६ च्या आसपास राहायला बघतो, आणि लोणच्यातल्या व्हिनेगरला इतक्या लवकर बळी पडतो त्याचं एक मोठं कारण हा हट्टच. लॅक्टोबॅसिलस आतला पीएच बाहेरच्या मागोमाग खाली येऊ देतो, फक्त दोघांत थोडं अंतर राखतो. त्याची विकरं तशा आंबट पेशीत काम करायला सरावलेली असतात.

आता भाराची भानगड, जी बहुतेक जण विसरतात. प्रोटॉन बाहेर फेकला की एक धनभारही बाहेर जातो. काही मोजकेच गेले की पटलाच्या दोन बाजूंत इतका विद्युतदाब तयार होतो की पुढचा प्रोटॉन ढकलणं अशक्य होतं. कोट्यवधी प्रोटॉन बाहेर काढायचे असतील तर तितकेच धनभार दुसऱ्या वाटेने आत यायला हवेत. ते काम पोटॅशियमचं. म्हणून आम्लात पीएच सावरणाऱ्या पेशीला पोटॅशियम आत घेणारी प्रथिनं चालू ठेवावी लागतात. पोटॅशियम नसलेल्या माध्यमात ही सावरासावर अडते. सगळ्या आयनांचा ताळेबंद एकत्र वाचायचा असतो, नुसत्या प्रोटॉनचा नाही.

उलट बाजूही पाहायला हवी, कारण आपल्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास, आणि चोपण जमिनीत तो त्याहून वर, सोबत सोडियमही. अशा ठिकाणी पेशीला प्रोटॉन आत घ्यायचे असतात आणि सोडियम बाहेर काढायचा असतो. ई. कोलायमध्ये हे काम एनएचएए करतं, दोन प्रोटॉन आत, एक सोडियम बाहेर. जेरुसलेमच्या एटाना पाडान यांनी या प्रथिनावर दशकानुदशकं काम केलं, रचना २००५ मध्ये आली. पीएच ६.५ ला ते जवळजवळ झोपलेलं, ८.५ ला पूर्ण वेगात, फरक हजारपटीहून जास्त. साहजिकच सगळे शोधायला लागले, याचा 'पीएच संवेदक' कुठे आहे? प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे कितीतरी अवशेष संशयित ठरले. पुढे विद्युत मोजमापांनी दाखवलं की वर्तनाचा बराच भाग वेगळ्या संवेदकाशिवायच समजतो. आत खोलवर अ‍ॅस्पार्टेट १६३ आणि १६४ असलेली एकच जागा, आणि तिच्यासाठी सोडियम आणि प्रोटॉन भांडतात. पीएच खाली आला की प्रोटॉन जागा अडवून बसतात, सोडियमला शिरकाव नाही, काम बंद. पीएच वर गेला की जागा मोकळी. संवेदना म्हणजे इथे दुसरं काही नसून जागेसाठीची चढाओढ आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर मला सुचत नाही.

आता असं उदाहरण जे तू स्वतः हाताळलं आहेस, फक्त त्याकडे या नजरेने पाहिलं नसशील. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात लायसिन डिकार्बोक्सिलेज चाचणी असते, लायसिन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढणारं विकर जिवाणूकडे आहे का ते पाहायला. मोलरचं माध्यम, त्यात थोडं ग्लुकोज, लायसिन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा आम्लात पिवळा पडणारा रंग, वर निर्जंतुक पॅराफिन तेलाचा थर. सुरुवातीला जांभळं, काही तासांत पिवळं, आणि जिवाणू पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा जांभळं. मुलं शेवटचा रंग लिहून मोकळी होतात. मधला पिवळा टप्पा कशासाठी, हे कोणी विचारत नाही.

ई. कोलायमध्ये काय घडतं ते सांगते. ग्लुकोज आंबल्याने आम्ल झालं, माध्यम पिवळं पडलं. पटलात सीएडीसी नावाचं प्रथिन बसलेलं असतं, त्याचं एक टोक बाहेर पेरिप्लाझममध्ये आणि दुसरं आत डीएनएजवळ. बाहेरचं टोक आम्ल ओळखतं, आतलं टोक थेट जनुकाला धरतं. पण नुसतं आम्ल पुरत नाही, लायसिनही हवं. नसेल तर लायसिन डिकार्बोक्सिलेज तयार करणं वाया जाईल. लायसिन आहे की नाही हे सीएडीसीला स्वतःला कळत नाही. ते कळतं एलवायएसपी या शेजाऱ्याला, आणि एलवायएसपी म्हणजे लायसिन आत आणणारं वाहक प्रथिन! लायसिन नसताना ते सीएडीसीला धरून गप्प बसवतं, लायसिन मिळालं की सोडून देतं. पाहिलंस, इथे ने-आण करणारंच राखण करतंय.

सीएडीसी मोकळं झालं की दोन प्रथिनं तयार होतात. सीएडीए हे विकर लायसिनपासून कार्बन डायऑक्साइड काढून कॅडॅव्हरीन करतं, आणि दर रेणूमागे एक प्रोटॉन खर्ची पडतो. सीएडीबी पटलातून कॅडॅव्हरीन बाहेर नेतं आणि बदल्यात लायसिन आत आणतं. कॅडॅव्हरीन अल्कलीधर्मी, म्हणून माध्यम पुन्हा जांभळं. कॅडॅव्हरीन पुरेसं साचलं की ते सीएडीसीला जाऊन चिकटतं आणि जनुक बंद होतं. तेलाचा थरही नुसता विधी नाही. हवा कमी असली की ही जनुकं अधिक चांगली चालतात, आणि हवेतल्या क्रियांनी होणारी खोटी अल्कली टळते.

याहून तीव्र आम्लात, पीएच २ ते ३ ला, ग्लुटामेटवर चालणारी दुसरी जोडी कामाला येते. तिचं वाहक जीएडीसी. २०१२ मध्ये आलेल्या रचनेत दिसलं की या प्रथिनाची स्वतःचीच शेपटी आतल्या बाजूने वाटेत बूच म्हणून बसलेली असते, आणि आम्लात ते बूच निघतं. पुन्हा तेच, वेगळा संवेदक नाही.

आमांश करणारा शिगेला ही लायसिनची चाचणी निगेटिव्ह देतो. तो ई. कोलायच्याच जवळचा नातेवाईक, पण कॅडॅव्हरीन त्याच्या विषाच्या कामात अडथळा आणतं, म्हणून उत्क्रांतीत त्याने हे जनुकच गमावलं.

पुढच्या वेळी चाचणी लावशील तेव्हा नळ्या सकाळी लावून दर दोन तासांनी रंग लिहून ठेव, २४ तासांनी एकदाच बघू नकोस. सोबत लायसिन नसलेली नियंत्रण नळी हवीच. ती पिवळी पडून पिवळीच राहिली पाहिजे. ती जांभळीच राहिली तर जिवाणूने ग्लुकोज आंबवलंच नाही, म्हणजे आम्ल झालं नाही आणि सीएडीसीला उठवणारं काही घडलंच नाही. तेव्हा लायसिनच्या नळीचा जांभळा रंग पॉझिटिव्ह म्हणून लिहायचा नाही.